करड्या रंगाच्या दोन जाती

मंठ्याच्या शाळेत मी ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो, तेव्हा शाळेला ड्रॉइंग मास्तर कशाला लागतो हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. वरून जागा मंजूर झाली होती, ती भरायची होती, म्हणून भरली. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी मला माझी कामं सांगितली. व्हरांड्याच्या खांबांवर सुविचार लिहायचे, कार्यालयाच्या भिंतीवर देशाचा नकाशा काढायचा, जयंत्या-पुण्यतिथ्यांना फळ्यावर खडूनं पुढाऱ्यांचे चेहरे काढायचे, गॅदरिंगला मागचा पडदा रंगवायचा. मुलांना काय शिकवू, असं मी शेवटी विचारलं. ते म्हणाले, "फुलदाणी शिकवा."

मंठा तेव्हा बाजाराचं गाव होतं, आजही आहे. जालना जिल्हा व्हायला अजून बरीच वर्षं होती, जिल्ह्याची कचेरी लांब. माझं गाव मंठ्याहून चारेक कोसांवर. आम्ही बौद्ध. बापानं छप्पन साली घरातले देव दुधना नदीत सोडले आणि भिंतीवर निळ्या कोटातला फोटो लावला, बाप मेला तेव्हाही तो तिथंच होता. बाप गेल्यावर मायनं मला शिकवलं. मला चेहरे हुबेहूब काढता येत होते. वस्तीत कुणीही समोर बसलं की कोळशानं मी त्याला भिंतीवर उतरवायचो. एवढ्या एका गोष्टीवर मी औरंगाबादला चित्रकलेच्या कोर्सला गेलो.

तिथले आमचे सर मुंबईत शिकलेले होते. मराठवाड्यात कुणी हौसेनं येत नाही, ते आले होते. उंच, खादीचा झब्बा, बोटांना कायम रंग. पहिल्या महिन्यात त्यांनी आम्हाला सांगितलं, तुम्हाला सगळ्यात जास्त माहीत असलेली गोष्ट काढून आणा. मी आमच्या वस्तीची विहीर काढली. पायऱ्या, ढासळलेला काठ, दोर घासून पडलेल्या खाचा, सगळं. वर्गात सगळ्यांत चांगलं चित्र माझंच होतं आणि मला ते माहीत होतं. सरांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं तुला चित्र काढायच्या आधी माहीत होतं?"

मी म्हणालो, होतं.

"मग काढलंस कशाला?"

वर्ग हसला. मला राग आला. पण दोन वर्षं त्या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही. सर शिकवायचे ते असं होतं: चित्रातून विहीर काढून टाका, पायऱ्या काढून टाका, दोर काढून टाका. उरतं काय ते बघा. खोली उरते, ओलावा उरतो, वजन उरतं, अंतर उरतं. त्या उरलेल्याला रंगात धरा आणि त्याच्या मागं जा. हात कुठं अडतो, कुठला रंग पुन्हा पुन्हा मागतो, कुठला नको म्हणतो, याच्यावर लक्ष ठेवा. गणितवाला आकडे मांडून विचार करतो, तसा चित्रकार रंग मांडून विचार करतो. लोकांना वाटतं, ज्याला माणूस काढता येत नाही तो असले पट्टे ओढतो. मला माणूस काढता येत होता, म्हणूनच मला ते पटायला वेळ लागला. पण पटलं. एकदा पटल्यावर फुलदाणीकडे परत जाता येईना.

सर माणूस म्हणून चांगले होते. अर्ध्या वापरलेल्या रंगाच्या ट्यूबा मला द्यायचे, घरी बोलावून जेवायला बसवायचे, आपल्याच ताटाशेजारी. मी हे मुद्दाम लिहितो आहे. पुढं जे झालं ते काही दुष्ट माणसाकडून झालं नाही.

नोकरीला लागून वर्ष झालं नाही तोच बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याच्याबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी वेगळं काय लिहू. आमच्या गावाकडून मंठ्याच्या बाजूला येणारा एक रस्ता दुष्काळी कामात निघाला. अख्खं गाव खडी फोडायला रस्त्यावर बसलं. मायही गेली. मला पगार होता, मी नको म्हणालो. ती म्हणाली, तुझा पगार तुझा, माझे हात माझे. दर शनिवारी शाळा सुटली की मी गावाकडं निघायचो आणि रविवारी दिवसभर कामाच्या कडेला बांधावर वही घेऊन बसायचो.

सुरुवातीला मी माणसंच काढली. डोक्यावर फडकं बांधून बसलेल्या बाया, हातोडीचा उगारलेला हात, सुकलेले गळे. चित्रं हुबेहूब उतरायची. दुपारच्या सुट्टीत लोक भोवती जमायचे आणि आपापलं तोंड शोधायचे. एखादी बाई म्हणायची, मी एवढी म्हातारी दिसू राह्यले व्हय. पण मंठ्याला माझ्या खोलीवर येऊन ती पानं मांडली की मला काहीच वाटायचं नाही. वर्तमानपत्रात रोज असेच फोटो येत होते. माणसं उपाशी आहेत, ऊन आहे, दगड आहेत. हे मला काढायच्या आधी माहीत होतं.

मग मी माणसं काढून टाकली.

खोली म्हणजे गावाच्या कडेला पत्र्याची एक शेड होती. मास्तर असूनही गावात मला खोली मिळाली नव्हती. आडनाव विचारलं की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची. शेडमध्ये उजेड मात्र चांगला होता. तेलरंग परवडत नव्हते. किराणा-रंगाच्या दुकानातून कोरडा गेरू, पिवडी, चुना, कपड्याला घालायची नीळ आणायचो, कंदिलाची काजळी खरवडून घ्यायचो, सरस वितळवून त्यात कालवायचो. कॅनव्हासऐवजी चहाच्या खोक्यांच्या फळ्या. त्यांच्यावर मी खडीचे ढीग मांडायला लागलो. ढीग म्हणजे ढिगासारखे आकार नव्हेत. जुन्या सुरीच्या पात्यानं ओढलेले करड्या रंगाचे छोटे छोटे फटकारे, एकाशेजारी एक, एकाखाली एक, जसा हातोडीचा ठोका पडतो तसे. फळी भरायला आठवडा लागायचा.

तिसऱ्या-चौथ्या फळीला माझ्या लक्षात आलं की माझ्यापुढं कायम दोन करवंट्या असतात. दोन्हींत करडा रंगच, पण एकीत मी नकळत चिमूटभर गेरू टाकत होतो आणि दुसरीत नीळ. एक करडा भुरका, मऊ, उन्हात वाळलेल्या शेणासारखा. दुसरा थंड, काळपट, लोखंडासारखा. भुरका डाव्या बाजूला पडायचा आणि लांब फटकाऱ्यांनी पटपट भरायचा. काळपट उजवीकडं, आणि तिथं फटकारे बारीक व्हायचे, दाट व्हायचे, हात दुखायला लागायचा. आणि दोन्हींच्या मध्ये वरपासून खालपर्यंत उभी पट्टी मोकळी राहायची. तिथं खोक्याचं लाकूडच दिसायचं.

आधी मला वाटलं, ही कॉलेजात लागलेली सवय आहे. सर म्हणायचे, चित्राला श्वास घ्यायला जागा द्या. म्हणून एका फळीवर मी पट्टी भरून टाकली. चित्र बंद पडलं. विहीर बुजवल्यावर जशी जमीन दिसते तसं दिसायला लागलं. मी रंग खरवडून काढला. दुसऱ्या फळीवर एकच करडा वापरला, तर नुसती भिंत झाली. तिसरीवर दोन्ही करडे एकमेकांत मिसळून लावले. ते चित्र तर गोड झालं, कुणालाही आवडलं असतं, आणि ते धादांत खोटं होतं. खोटं का, ते सांगता येत नव्हतं. पण शब्दाची मात्रा चुकली की वाचताना अडखळतो, तसा डोळा अडखळत होता. हळूहळू माझी खात्री झाली की रस्त्यावर मी काहीतरी बघतो आहे आणि बघतो आहे हे मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी मी वही नेलीच नाही. एका टेकाडावर चढून नुसता बघत उभा राहिलो. आधी फक्त रंग बघितले. मग माणसं.

रस्त्याच्या एका अंगाला गावची माणसं बसली होती आणि दुसऱ्या अंगाला आमची. मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. दगडाच्या गाड्या त्या वाटेनं यायच्या, म्हणून ती मोकळी आहे असं कुणीही म्हणालं असतं. काम पुढं सरकेल तशी ती वाटही पुढं सरकत होती, पण बुजत नव्हती. पाण्याचे रांजण वाटेच्या पलीकडं. आमच्या बायकांना तहान लागली की वाटेच्या कडेला येऊन ओंजळ धरायची, पलीकडून कुणी वरून ओतायचं. हे काही नवं नव्हतं, हे मी जन्मापासून बघत होतो. म्हणूनच माझ्या वहीत ते कधी उतरलं नव्हतं.

नवं होतं ते दगडांचं. दगड दोन खाणींतून येत होता. एक खाण टेकाडावर, तिथला दगड वरच्या थरातला, कुजका, भुरका. दोन ठोक्यांत फुटणारा. दुसरी खाण नाल्याच्या तळात. तिथला काळा फत्तर, ज्याच्यावर हातोडी उसळून परत यायची. टेकाडावरच्या गाड्या डावीकडं रिकाम्या होत होत्या. नाल्यातल्या गाड्या उजवीकडं, आमच्या बाजूला. मी सकाळपासून दिवस कलेपर्यंत बघितलं. एकही गाडी चुकली नाही. आणि खडी मोजायची लाकडी पेटी दोन्हीकडं एकच. ढीग सारखा तर मजुरी सारखी. पण एका बाजूला तो ढीग उन्हं चढायच्या आत व्हायचा आणि दुसऱ्या बाजूला दिवस मावळला तरी होत नव्हता. आमची माणसं कामाला हळू आहेत, असं मुकादम सगळ्यांना सांगायचा. आमच्यातलेही काही जण तसंच म्हणायला लागले होते.

मी टेकाडावरून खाली उतरलो तो संतापानं, हे खरं सांगतो. पण त्यात आनंदही होता, आणि त्या आनंदाची मला आजही लाज वाटत नाही. माझ्या हातानं दोन करडे कालवले होते ते उगाच नव्हते. कुणी सांगितलं नाही, कुठं वाचलं नाही. काजळी, चुना, नीळ आणि गेरू यांच्यातून मला एक गोष्ट कळली होती आणि ती खरी निघाली होती.

त्या दिवशी मायला सांगितलं. ती चुलीपुढं बसून लाल मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी थापत होती. त्या पिठाला चिकटपणा नसायचा, भाकरी मोडायची, ती पुन्हा सांधायची. मी सगळं सांगितलं, दोन खाणी, दोन बाजू, एक पेटी. तिनं तव्यावरची नजर उचलली नाही.

"दगुड दगुडच असतो," ती म्हणाली. "तू मास्तर हाईस, मास्तरकी कर. मस्टरवर आमची नावं हायेत, तुझं न्हाई."

तिला हे आधीपासून ठाऊक होतं की नाही, मला तेव्हाही कळलं नाही, नंतरही कधी कळलं नाही. मी पुढं बरेचदा विचारलं. दर वेळी ती दुसऱ्याच विषयावर गेली.

मी गप्प बसलो. महिना-सव्वा महिना गेला असेल. काळा फत्तर फुटताना काचेसारख्या कपऱ्या उडतात. भुरका दगड पावडर होऊन खाली बसतो, तो उडत नाही. तशी एक कपरी मायच्या डाव्या डोळ्यात गेली. दोन दिवस तिनं फडकं बांधून कामच केलं. मला शनिवारी कळलं. एस.टी.नं जालन्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की उशीर झालाय. डोळा राहिला, त्यातला उजेड गेला. बुबुळावर चुन्यासारखा पांढरा ठिपका कायमचा बसला.

मग मात्र मला गप्प बसवेना. मी एका पिशवीत दोन दगड घेतले, एक भुरका, एक काळा. बगलेत ती फळी घेतली, सगळ्यांत नीट उतरलेली. आणि तहसील कचेरीत दुष्काळी कामं बघणाऱ्या साहेबांकडं गेलो. साहेब तरुण होते, शिकलेले होते. मास्तर म्हणून खुर्ची दिली, चहा सांगितला. मी टेबलावर दोन्ही दगड ठेवले आणि चित्र भिंतीला टेकवून उभं केलं. नुसते दगड दाखवले असते तर बरं झालं असतं, असं नंतर मला पुष्कळांनी सांगितलं. पण ते चित्र मला पुरावा वाटत होतं. किंबहुना दगडांपेक्षा मोठा पुरावा वाटत होतं, कारण दगड मी गोष्ट कळल्यावर उचलले होते आणि चित्र कळायच्या आधी काढलं होतं.

साहेबांनी मान वाकडी करून चित्र बघितलं. यात माणसं कुठं आहेत, असं विचारलं. मी समजावलं. ही भुरकी बाजू, ही काळी, ही मधली वाट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला हे सगळं कुणी सांगितलं ते विचारलं. त्यांना नाव हवं होतं.

मी म्हणालो, "कुणी नाही सांगितलं. हे चित्र काढताना कळलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कारकुनाला हाक मारून चित्र दाखवलं. दोघंही हसले. चेष्टेचं हसणं नव्हतं ते, एखाद्या लहान पोरानं मोठं काही बोलल्यावर हसतात तसं होतं. मग साहेब म्हणाले, "मास्तर, दगड कुठूनही आणता येतो. आणि चित्र तर तुम्हीच काढलंय."

तरीही त्यांनी पाहणीला येतो असं कबूल केलं, आणि खरंच आले. पण ते येणार हे त्यांच्या आधी रस्त्यावर पोचलं होतं. त्या दिवशी मधली वाट नव्हती. गावची आणि आमची माणसं मिसळून बसवली होती, रांजण मध्ये आणले होते, दोन्ही खाणींचा दगड सगळीकडं टाकला होता. मी रजा काढून तिथं गेलो होतो. साहेबांनी माझ्यासमोर काही बायांना विचारलं, काही त्रास? कुणीच काही बोललं नाही. मायही बोलली नाही. ती पदर डाव्या डोळ्यावर ओढून खडी फोडत राहिली. साहेब जीपमध्ये बसताना मला म्हणाले की मास्तर, तुमच्या चित्रात होतं तसं काही इथं दिसत नाही. त्यांचं खरंच होतं. तो रस्ता मी खोटं म्हणून टाकून दिलेल्या त्या गोड चित्रासारखा दिसत होता, दोन्ही करडे एकमेकांत मिसळलेल्या.

आठवड्याच्या आत आमच्या माणसांची गँग त्या रस्त्यावरून उठवून पार दुसऱ्या टोकाला, नालाबांधाच्या कामावर धाडली. जायला यायला निम्मा दिवस मोडायचा. मुकादमानं मायला निरोप दिला, "तुमच्या लेकाला लई कळतं ना चित्रातलं, त्याला म्हणावं आता तिकडचं बी काढ." वस्तीतली माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली. माझा चुलता एवढंच म्हणाला की बाबा, तुझं शिक्षण आमच्या अंगावर नको आणत जाऊ. मी गेलो की लोक ढिगाकडं तोंड करून बसायचे. ज्यांच्या चेहऱ्यांची मी वहीभर चित्रं काढली होती, ते चेहरे मला दिसेनात.

दुष्काळ सरला. पुढच्या वर्षी सरांचं पोस्टकार्ड आलं. औरंगाबादला मराठवाड्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं, तुझं काही असेल तर आण. मी तीच फळी नेली. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की या जगात हे चित्र वाचू शकेल असा एकच माणूस आहे आणि मी त्याच्याकडं चाललो आहे.

चित्राला बक्षीस मिळालं. परीक्षकांत सर होते. बक्षीस देताना ते माझ्या चित्राबद्दल बोलले, आणि सुंदर बोलले. दोन करड्यांमधला नाजूक संवाद, असं म्हणाले. पोताचा इतका संयमी वापर तरुण चित्रकारात क्वचित दिसतो, असं म्हणाले. मग त्या मधल्या पट्टीकडं बोट करून म्हणाले, "आणि ही मोकळी जागा बघा. किती शांतता आहे इथं. सगळं चित्र इथं श्वास घेतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हार गळ्यात घालून उभा होतो. मला त्या पट्टीच्या कडेला ओंजळ धरून बसलेल्या बाया दिसत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर सरांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. खाणी, पेटी, पाहणी, मायचा डोळा. ते ऐकताना त्यांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मायची चौकशी केली, औरंगाबादला चांगला डोळ्यांचा डॉक्टर आहे, आपण दाखवू, असं म्हणाले. मग म्हणाले, "पण हे सगळं चित्राला चिकटवू नकोस. चित्र त्याच्या फार वर गेलंय. त्याचा तक्रारअर्ज करू नकोस."

मी म्हणालो, "सर, तुम्हीच विचारलं होतं, काढायच्या आधी माहीत होतं का म्हणून. नव्हतं माहीत. काढल्यावर कळलं. काय कळलं ते तुम्हाला सांगतोय."

"कळलं असेल. पण ते चित्रात नाही," सर म्हणाले.

साहेबांना चित्रात पुरावा दिसला नव्हता. सरांना पुरावा दिसला नाही याचाच आनंद होता. मी बराच काळ या दोघांची तुलना करत राहिलो आणि दर वेळी मला साहेबांचा राग कमी यायचा. साहेबांनी निदान चित्राचा अर्थ कधी शिकवला नव्हता. रंगातून विचार करता येतो, हे ज्यानं मला शिकवलं, त्याला तो विचार काय निघाला हे ऐकायचं नव्हतं. विचार करा, पण निष्कर्षाला येऊ नका. आला तर त्याला शांतता म्हणा.

त्याच मुक्कामात माझा वसतिगृहातला एक जुना मित्र भेटला. तो चळवळीत होता, कविता लिहायचा, त्याच्या शब्दांना तेव्हा धार होती. त्याला वाटलं मी बक्षिसाला भुललो. म्हणाला, आपली माय दगड फोडते आणि तू पट्टे ओढतोस. हातोडी उगारलेली बाई दाखव, मूठ दाखव, लोक पेटले पाहिजेत. मी म्हणालो, हातोडी उगारलेली बाई काढून काढून मी वही भरली होती आणि त्या वहीतून मला काहीसुद्धा कळलं नव्हतं. तो म्हणाला, तुला कळून काय करायचंय, त्यांना कळू दे. त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण आमची मैत्री त्या दिवशी संपली. बक्षीस मिळालेलं चित्र नियमाप्रमाणं भरवणाऱ्यांनी ठेवून घेतलं. ते पुढं कुठं गेलं, मी विचारलं नाही.

मी मंठ्याला परत आलो आणि फळ्या रंगवत राहिलो. ती सवय सुटणारी नव्हती. एकदा शाळेच्या शिक्षकखोलीचं चित्र सुरू केलं. खोली नाही, नुसते तिथले तपकिरी रंग. टेबल, कपाट, दुपारचा चहा, जुन्या पुस्तकांच्या पाठी. चार-पाच दिवस बरं चाललं. मग वरच्या कोपऱ्यात, जिथं कपबशांची फळी होती, तिथं हात अडायला लागला. एक तपकिरी ठिपका बाकीच्या ठिपक्यांपासून सारखा लांब सरकत होता. मी जवळ आणला की चित्र बिघडायचं. माझा कप कुठं ठेवला जातो याच्याकडं मी तोवर कधी बघितलं नव्हतं. आता तिथं काय उमटणार ते मला दिसायला लागलं होतं. मी ब्रश धुतला आणि फळी भिंतीकडं तोंड करून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, त्याच माणसांबरोबर मला चहा प्यायचा होता. जे कळून काहीच करता येत नाही, ते कळून घ्यायची ताकद माझ्यात तेव्हा उरली नव्हती.

पुढं पाठ्यक्रम बदलला, ड्रॉइंगचे तास निम्म्यावर आले. उरलेल्या वेळात हेडमास्तरांनी मला मुलांच्या कवायतीवर लावलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला मायची तब्येत उतरणीला लागली. एके दिवशी ती म्हणाली, माझं एक चित्र काढ. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, बस. ती नवं लुगडं नेसून दारात उजेडाला बसली. मी कागद टाचला आणि कोळसा हातात घेतला, तेव्हा ती म्हणाली, "दोन्ही डोळे काढ."

मी म्हणालो, माय, आहे तसंच काढतो.

"आहे तसं मंग फोटोवाला बी काढतो. त्याच्याकडं गेल्ते मी. फोटोत तो पांढरा ठिपका लई दिसतो. मी मेल्यावर लोकं त्योच बघत्याल. तुला एवढं येतंय तर दोन्ही डोळे काढ बराबर."

मी काढले. उजव्या डोळ्यावरून डावा उलटा करून काढला, तोच काळा, तोच पाणीदार. सुरकुत्या थोड्या कमी केल्या. तेलरंग आणून कॅनव्हासवर नीट पूर्ण केलं. माझ्या हातचं ते सगळ्यात हुबेहूब चित्र. मायनं ते निळ्या कोटातल्या फोटोशेजारी लावायला सांगितलं आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. वस्तीतली माणसं बघायला आली. ज्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं तेही आले. चुलत्यानं माझ्या पाठीवर हात फिरवला. म्हणाला, आता खरा चित्रकार झालास, उगा पट्टे वढत व्हतास. ही बातमी मंठ्याला शाळेतही पोचली आणि हेडमास्तरांनी आपल्या वडिलांचा एक जुना, पिवळा पडलेला फोटो माझ्या हातात ठेवला.

माय पुढच्या वर्षी गेली. तोवर आसपासच्या गावांतून माणसं फोटो घेऊन माझ्याकडं यायला लागली होती. कुणाच्या बापाचा पडलेला दात भरून हवा असायचा, कुणाच्या आजीच्या गालावरचा देवीचा वण काढून टाकायचा असायचा, कुणाला मेलेल्या भावाच्या अंगात कधी न घातलेला कोट हवा असायचा. मी ज्याला जे हवं ते करून देत राहिलो. लोक समाधानानं घेऊन जायचे. नीळ आणि काजळी कालवायच्या करवंट्या तशाच कोनाड्यात पडून सुकल्या. पुढं शेड सोडताना त्या मी तिथंच ठेवून आलो.